मग ते गेलं कुठं?

आमच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या जागेवर विटेच्या तुकड्याने ओढलेल्या दोन रेघा आहेत, वीतभर लांब, एक डावीकडे एक उजवीकडे. वॉचमनकाकांनी दोनदा विचारलं, पुसून टाकू का ताई, आणि दोन्ही वेळा मी नको म्हटलं. रेघा मामांनी ओढल्यात. ते मोतीबिंदू दाखवायला कराडहून आले होते आणि डॉक्टरांकडे जायला रिक्षा नको म्हणाले, तुझ्या नव्या गाडीवरनंच जाऊ. दांडेकर पुलाच्या सिग्नलला उभे होतो तर मागून पाठीवर दोन बोटं टेकवून म्हणाले, "बंद पडली न्हवं का गं? मार की किक." गाडी चालू होती. शिवाय तिला किकच नाही, बटनस्टार्ट आहे. मी म्हटलं, मामा, चालू आहे, तर त्यांनी वाकून खाली इंजिनाकडे पाहिलं आणि सिग्नल सुटेपर्यंत तसेच वाकून राहिले. चाळीस वर्षं बुलेट उघडण्यात आणि बांधण्यात गेलेला माणूस, कानाने आता थोडं कमी ऐकू येतं पण बुडाखाली इंजिन चालू आहे की बंद हे त्यांना कानाने कधी कळून घ्यावंच लागलं नव्हतं.

घरी आलो तर वर यायच्या आधी म्हणाले, मेन स्टँडला लाव. मग कोपऱ्यातला विटेचा तुकडा उचलून आणला, स्टँडच्या दोन्ही पायांशी रेघा ओढल्या आणि उकिडवे बसले. "कर चालू." केली. "रेस दे." दिली. "अजून दे." मिनिटभर तरी आम्ही दोघं त्या दोन पायांकडे बघत होतो आणि पाय रेघेवरून केसभरसुद्धा हलले नाहीत. मामांनी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या धडावर, पंजा ठेवला, तापलेल्या तव्याच्या वर धरतात तसा आधी लांब आणि मग टेकवून, आणि अगदी खरंखुरं विचारावं तसं विचारलं,

"मग ते गेलं कुठं?"

ते म्हणजे इंजिनाची थरथर. मला उत्तर देता आलं नाही. ते हात धुऊन वर गेले, चहा प्यायले, दुसऱ्या दिवशी एसटीने कराडला परत गेले. प्रश्न माझ्याकडेच राहिला.

त्या रेघांचा अर्थ मला माहीत होता, कारण शाळेच्या प्रत्येक मे महिन्यात मी त्या रेघा पाहिल्यात. मामांच्या गॅरेजची जमीन कोब्याची होती, ऑइल पिऊन पिऊन काळी आणि गुळगुळीत झालेली. इंजिन बांधून झालं की गाडी मेन स्टँडला लावायची, स्टँडच्या पायांशी खडूने रेघा ओढायच्या, गाडी स्लोला सोडायची आणि एक कप चहा संपवायचा. जुन्या लोखंडी इंजिनाची बुलेट चालू ठेवली की स्टँडवर उभ्याउभ्या चालते, धक्क्याधक्क्याने, मांजर पाय चोरत सरकतं तशी. चहा संपला की मामा रेघेपासून बोटं मोजायचे. दोन बोटं म्हणजे बरी, चार बोटं म्हणजे कुठेतरी काहीतरी राहिलंय. गिऱ्हाइकाला यातलं काही सांगायचे नाहीत, पण चार बोटं सरकलेली गाडी त्या दिवशी जायची नाही. गाडीचं हलणं मोजायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच, ही रेघ आणि स्वतःचा पंजा एवढंच.

त्या गॅरेजात माझं काम म्हणजे वॉशर निवडणं. स्प्रिंग वॉशर वेगळे, साधे वेगळे, साइझप्रमाणे पत्र्याच्या डब्यांत. तेव्हा ते काम मला दुय्यम वाटायचं. मग कॉलेजला असताना त्यांचीच जुनी बुलेट घेऊन पुण्याला निघाले आणि सायलेन्सरच्या क्लँपला स्प्रिंग वॉशर घालायचा मीच विसरले होते, तर खंबाटकी चढेपर्यंत नट फिरत फिरत निघून गेला आणि सायलेन्सर लोंबायला लागला. कुणी पाना लावला नव्हता, कुणी हात लावला नव्हता. नुसत्या थरथरीने नट आटे चढून निघून जातो ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी वाटली, आणि वॉशरच्या डब्यांचं मोलही. पुण्यात पोचले तेव्हा रात्र झाली होती. जेवताना भाकरीचा तुकडा मोडला तर बोटांना तो भाकरीसारखा लागलाच नाही, आणि झोपताना हात उशीखाली घातले तरी ते आतून गुणगुणत होते. जवळपास १६० किलोमीटर, आणि गाडी खाली पार्किंगमध्ये थंड होऊन गेलेली असताना माझ्या मनगटात ती अजून चालू होती. मला ते आवडलं होतं हेही सांगायला पाहिजे. दुखत होतं आणि आवडलंही होतं.

ही थरथर येते कुठून ते मला फुगडीवरून समजलं. फुगडीत दोघी हात धरून मागे झुकतात, जितकी एक ओढते तितकीच दुसरी, म्हणून पाय एका जागेवर राहतात आणि फुगडी रंगते. इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो, आणि कनेक्टिंग रॉड नावाची दांडी त्याला खाली फिरणाऱ्या क्रँकला, क्रँकपिन नावाच्या खुंटीवर, जोडते. क्रँकवर एका बाजूला क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक आणि समोरच्या बाजूला वजन, ही झाली फुगडी, गोल फिरणाऱ्याला गोल फिरणारा जोडीदार, तिथे काही भांडण नाही. भांडण पिस्टनचं आहे. पिस्टन फिरत नाही, तो फक्त वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या होतात तेव्हा, सेकंदाला शंभर वेळा थांबतो, आणि त्याला थांबवायला जे बळ लागतं त्याचा उलटा धक्का इंजिनाला, इंजिनाचा फ्रेमला आणि फ्रेमचा आपल्याला. जुन्या बुलेटचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ९० मिलिमीटरचा. मी कागदावर मांडून पाहिलं तर ४००० आरपीएमला वरच्या टोकाशी त्या पिस्टनला खाली ओढायला त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण हजारपट बळ लागतं. आकडा पाहून मी परत एकदा गुणाकार केला. आणि आरपीएम दुप्पट झाले की हे बळ दुप्पट होत नाही, चौपट होतं, म्हणून तर साठला गाणारी गाडी ऐंशीच्या पुढे हातात राहत नाही.

मग समोरचं वजन वाढवलं तर? वाढवता येतं की. पिस्टनचा वर-खालीचा धक्का पूर्ण मारेल इतकं वजन क्रँकच्या दुसऱ्या अंगाला घातलं तर वर-खाली अगदी शांत होतं. पण पिस्टन फुगडीतली अशी मैत्रीण आहे जी पाव फेरीला हात सोडून देते. क्रँक आडवा झाला, वजन पुढच्या बाजूला आलं, की त्याला समोरून ओढायला कुणीच नसतं, आणि मग तेच वजन इंजिनाला पुढे-मागे हिसडतं. वर-खालीचा हादरा गेला नाही, त्याने फक्त दिशा बदलली. म्हणून इंजिन बनवणारे मधला मार्ग काढतात, पिस्टनच्या वाट्याचं साधारण निम्मं वजन क्रँकवर घालतात, कुणी थोडं जास्त. थोडं वर-खाली सोसायचं, थोडं पुढे-मागे. किती ठेवायचं ते फ्रेम कुठल्या दिशेने जास्त सोसते त्यावर, म्हणजे तेच इंजिन दुसऱ्या फ्रेममध्ये बसवलं तर वेगळं वागेल. मामा क्रँक व्ही ब्लॉकवर, म्हणजे खाच असलेल्या लोखंडी ठोकळ्यांवर, ठेवून वाकडेपणा दाखवणारी डायल लावायचे, हाताने हळूहळू फिरवायचे, काटा जिथे जास्त पळेल तिथे खडूची खूण आणि तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका, पुन्हा डायल, पुन्हा ठोका, काटा दोन घरांच्या आत येईपर्यंत. दोन घरं म्हणजे मिलिमीटरचे दोन शतांश. एवढं सगळं करून वर म्हणायचे, "क्रँक सरळ झाला म्हंजी गाडी गप बसंल असं न्हाई. तिचं हलणं तिच्या जन्माचं हाय."

आजोळच्या विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. एकच सिलिंडर, छातीपर्यंत येणारं फ्लायव्हील, हँडल मारून चालू करायचं, आणि चालू झालं की लांबच्या बांधावर बसलं तरी बुडाला कळायचं. खूप जणांना वाटतं की चाक जड केलं की हादरे जातात. चाकाने इंजिन एकसारखं फिरतं, एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंत रेटा टिकतो, पण पिस्टनचा धक्का जिथल्या तिथे राहतो. तो घ्यायला तिथे फाउंडेशन होतं, सिमेंटचा मोठा ठोकळा आणि त्यात पुरलेले बोल्ट. हादरा ठोकळ्यात, ठोकळ्यातून जमिनीत, जमिनीला काय, ती सगळंच पोटात घेते. गॅरेजवाले गाडीचं इंजिन फ्रेमला आवळणाऱ्या बोल्टांनाही फाउंडेशन बोल्टच म्हणतात. मला हा शब्द लहानपणी नुसता शब्द वाटायचा. आता वाटतं की विहिरीवरच्या इंजिनाला खाली जमीन होती आणि गाडीवरच्या इंजिनाला त्या जागी आपण असतो. आपली मनगटं, पाठ, तळपाय.

मामांकडे कधीमधी राजदूत ३५० यायची आणि ती आली की मामा हातातलं दुसरं काम बाजूला ठेवायचे. दोन सिलिंडर, एक पिस्टन वर असताना दुसरा खाली, एकाच उखळात दोघींनी आळीपाळीने मुसळ घालावं तशी. वर जाणारा आणि खाली येणारा एकमेकांचे धक्के खातात आणि वाटतं की आता झालं सगळं. पण दोन पिस्टन एका रेषेत नाहीत, शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे एक बाजू वर उचलली जाते तेव्हा दुसरी दाबली जाते आणि इंजिन डोलायला लागतं, सी-सॉसारखं. तरी ती बुलेटच्या मानाने किती वेगळी लागायची! धक्का नाही, एक चुरचुर, आणि वर आरपीएम चढले की पोटात गोळा. त्याउलट जुन्या इंग्लिश गाड्या. ट्रायम्फची १९३७ ची स्पीड ट्विन आणि तिच्या मागून आलेल्या कित्येक, दोन्ही पिस्टन एकदम वर, एकदम खाली. आवाज एकसारखा, बार समान अंतराने, पण तोलाच्या हिशेबात एकच मोठं सिलिंडर असल्यासारखं. तीस वर्षं सगळ्यांनी ते सोसलं आणि मग १९६७ साली नॉर्टनने कमांडोमध्ये सरळ इंजिनच रबरावर टांगलं. इंजिन हलू दे, चालवणाऱ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. हादरा तसाच आहे, फक्त त्याच्यात आणि आपल्यात रबर आलं. मला ही सोडवणूक फार माणसाची वाटते, घरोघरी आपण असंच तर करतो.

लोणावळ्याला एकदा चहाच्या टपरीवर एका गृहस्थांची बीएमडब्ल्यू होती, बॉक्सर, दोन सिलिंडर दोन्ही अंगांना बाहेर आलेले. मी इतकी टक लावून बघत होते की ते स्वतःच म्हणाले, बसून बघा की. वारकऱ्याचे टाळ डोळ्यासमोर आणा, दोन्ही हात एकदम बाहेर, एकदम आत, टाळकरी तासन् तास वाजवतो आणि त्याचं अंग जागचं हलत नाही, कारण एका हाताचा झटका दुसरा हात तिथल्या तिथे फेडतो. १९२३ मध्ये माक्स फ्रिट्झने आर ३२ साठी ही मांडणी घेतली ती अजून चालू आहे. मी टाकीवर हात ठेवला तर नुसतं ऊबदार. मग ॲक्सिलरेटर पिळला आणि अख्खी गाडी माझ्या मांड्यांमध्ये एका कुशीकडे कलली! दचकलेच. क्रँक गाडीच्या लांबीत बसवलाय, तो जोरात फिरायला लागला की बाकीचं धूड उलट्या बाजूला वळू बघतं. शिवाय दोन कनेक्टिंग रॉड क्रँकवर एकापुढे एक असल्यामुळे दोन्ही हात अगदी समोरासमोर येत नाहीत, थोडा पीळ राहतोच. थोडं काहीतरी राहतंच, सगळीकडे, जिथे म्हणून मी हात लावून पाहिलाय तिथे.

सगळ्यात जास्त मी फसले ती चार सिलिंडरपाशी. १९६९ ला होंडाची सीबी ७५० आली तेव्हापासून चार सिलिंडर म्हणजे लोणी असं ऐकत आलेले. ऑफिसातल्या एका मित्राकडे चार सिलिंडरची जपानी गाडी आहे, साताऱ्यापर्यंत तिच्यावर गेले. दोन पिस्टन वर, दोन खाली, डोलणंसुद्धा नाही कारण बाहेरचे दोघं एकत्र आणि आतले दोघं एकत्र. आरसे स्वच्छ, मागच्या ट्रकची नंबरप्लेट वाचता येत होती. आणि तरी साताऱ्याला उतरले तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्या आलेल्या, बुलेटवर येतात तशा नाहीत, बारीक, वीज गेल्यासारख्या. टपरीवर त्याने गाडी चालूच ठेवली होती म्हणून मी चहाचा ग्लास टाकीवर ठेवला आणि त्याला थोडी रेस द्यायला सांगितलं. बुलेटच्या टाकीवर चहा हिंदकळतो, काठावरून सांडतो. इथे सांडला नाही, पण वरच्या सायीवर इतक्या बारीक वर्तुळांची जाळी उठली की मी मोबाईल काढायचंसुद्धा विसरले.

ही जाळी कनेक्टिंग रॉडची आहे. भिंतीला लावलेल्या शिडीचा पाय बाहेर सरकला की शिडी नुसती तिरकी होत नाही, तिचं वरचं टोक खाली येतं. रॉडचंही तेच. ९० चा स्ट्रोक आणि त्याच्या दुप्पट लांबीचा रॉड धरला तर क्रँकने पाव फेरी मारली की पिस्टन ४५ मिलिमीटर खाली यायला हवा, पण तो जवळजवळ ५१ येतो. म्हणजे वरची अर्धी वाट तो घाईत कापतो आणि खालची अर्धी सावकाश. मग चार सिलिंडरमध्ये वरचे दोघं आणि खालचे दोघं एकमेकांना बरोबर जुळत नाहीत, आणि जो फरक उरतो तो एका फेरीत दोनदा इंजिन हलवतो. ६००० आरपीएमला सेकंदाला दोनशे वेळा. इतक्या वेगाची थरथर दिसत नाही, बोटं मात्र बधिर होतात. मोठा हादरा विझवला की त्याच्या खाली लपलेला बारीक हादरा पुढे येतो.

एवढं सगळं डोक्यात होतं आणि तरी मामांना एका वाक्यात सांगता येईना, कारण माझ्या गाडीत सिलिंडर एकच आहे. ३४९ सीसी, स्ट्रोक ८५.८, म्हणजे मामांच्या बुलेटपेक्षा फक्त चार मिलिमीटर कमी. रॉयल एनफिल्डने २०२० साली मिटिऑरमध्ये पहिल्यांदा आणलं ते हे इंजिन. पिस्टन तसाच थांबतो, तसाच धक्का देतो. फरक एका शाफ्टचा आहे. क्रँकवर निम्मं वजन घातल्यावर जो हादरा उरतो त्याची एक गंमत आहे, तो सगळ्या दिशांना सारखाच असतो आणि क्रँकच्या उलट्या दिशेने गोल फिरतो. वर, मग मागे, मग खाली, मग पुढे. आणि गोल फिरणाऱ्याला फुगडीची मैत्रीण देता येते! क्रँकच्याच वेगाने पण उलटा फिरणारा एक शाफ्ट, त्याच्या अंगावर एका बाजूला वजन, बस. एवढीशी गोष्ट. कागदावर हे जुळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मला मामांना लगेच फोन करावासा वाटला.

फोन नाही केला. नाना पेठेत ओळखीच्या मेस्त्रींकडे गेले, त्यांच्या भंगाराच्या पेटीत कुठल्यातरी गाडीचा दात गेलेला असाच उलटा फिरणारा बॅलन्सर शाफ्ट पडला होता, तो मागून घेतला आणि रविवारी कराडला निघाले. नव्या गाडीवरून. खंबाटकीला थांबले नाही, हात कोरडे आणि शांत, मागचा रस्ता आरशात सरळ दिसत होता. कराडला उतरले तेव्हा बोटांना सगळं जाणवत होतं, हेल्मेटच्या पट्ट्याची शिवणसुद्धा. आणि तरी पोचल्यासारखं वाटायला थोडा वेळ लागला, का ते मला नीट सांगता येणार नाही.

मामांचं गॅरेज आता बंद असतं, पण शटर वर केलं की तो वास तसाच आहे, ऑइल, रॉकेल आणि ओल्या कापडाचा. मी शाफ्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला, खिडकीच्या उजेडात धरला, अंगठ्याने वजनाच्या कडेवरून फिरवलं आणि मग न बोलता व्ही ब्लॉक खाली काढले, फुंकून धूळ उडवली, शाफ्ट त्यावर ठेवला आणि बोटाने टिचकी मारली. शाफ्ट फिरला, झुलला, आणि जड बाजू खाली घेऊन थांबला. परत टिचकी, परत तसंच. चार वेळा. मी सगळं सांगितलं, फुगडी, निम्मं वजन, उलटं फिरणं. ते ऐकत होते पण डोळे शाफ्टवर.

"ह्यो तर सवताच कलंडलेला हाय की," म्हणाले. "ह्याला एकट्याला फिरवला तर ह्योच गाडी हलवंल."

हो, म्हटलं, हलवेल.

"आन् क्रँकबी हलवतोय."

हो.

"दोघं हलवत्यात म्हून गाडी हलत न्हाई." बराच वेळ ते तसेच बसले. मग जड बाजूवर खडूने एक खूण केली, सवयीने, आणि शाफ्ट पुसून माझ्या हातात परत दिला. म्हणाले, त्यांची बुलेट मागच्या अंगणात झाकून ठेवलीय, महिना झाला चालू केली नाही, बॅटरी उतरली असेल. आम्ही दोघांनी मिळून ती ढकलत कोब्यावर आणली, मेन स्टँडला लावली. त्यांनी सिलिंडरमधली कोंडलेली हवा सोडणारा डीकॉम्पचा लिव्हर ओढून पिस्टन बरोबर जागेवर आणला आणि किक मात्र मला मारायला लावली. तिसऱ्या किकला लागली. मामांनी खडू माझ्याकडे दिला आणि आत जाऊन मामींना दोन कप चहा टाकायला सांगितला.

चहा संपल्यावर मी उकिडवी बसून रेघेपासून मोजलं. तीन बोटं.